परक्या गावचा पाहुणा

महिन्यापूर्वी आमच्या घरात एक छोटेसे वादळ झाले. निमित्त माझेच. बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झाले, हातापायांत अजून बळ आहे, तेव्हा पाच रात्रींची एक सहल एकटीने परदेशात करावी, आणि तीही एखाद्या शहरात न करता खेड्यात करावी, असे मी जेवता जेवता बोलून गेले. मुलगा हसून म्हणाला, "आई, खेडेच बघायचे तर दापोलीला जा की! विमानाचे पैसे तरी वाचतील." सुनेने "एकट्या?" एवढेच विचारले, पण त्या एका शब्दात सगळे आले. धाकट्या नणंदेने फोनवरून सल्ला दिला, "वहिनी, ग्रुप टूर घ्या. जेवणाची तरी चिंता नाही." हे गुडघेदुखीमुळे कुठे येणार नाहीत, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. ते स्वतः मात्र वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जायचे तर जा. पण गाव कोणते ते नीट ठरव."

ते 'नीट' म्हणजे काय, हे शोधण्यात गेला महिना गेला. सुरुवातीला वाटले, सोपे आहे. सुंदर डोंगर, स्वच्छ हवा, चार घरे, एक नदी, झाले गाव! पण जसजसे वाचत गेले, माहीतगारांना विचारत गेले, तसतसे लक्षात आले की, परदेशातले खेडे निवडणे हा आज निव्वळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. त्यात अर्थकारण आहे, राजकारण आहे आणि थोडासा सदसद्विवेकाचाही भाग आहे.

गर्दी खेड्यांकडे वळली

गेल्या काही वर्षांत मोठी पर्यटनशहरे पाहुण्यांना कंटाळली आहेत. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत, रात्री मुक्काम न करणाऱ्या प्रवाशांवर पाच युरोंचा प्रवेशकर बसवला. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात रहिवाशांनी मोर्चा काढला आणि उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. घरभाडी वाढतात, जुने शेजारी निघून जातात आणि शहर म्हणजे नुसते प्रदर्शन होते, अशी त्यांची तक्रार होती.

यावर उपाय म्हणून सरकारे आणि संस्था खेड्यांकडे बोट दाखवू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२१ पासून उत्तम पर्यटन खेड्यांची यादी सुरू केली. पहिल्याच वर्षी त्यात तेलंगणातले पोचमपल्ली होते, २०२३ मध्ये कच्छमधले धोरडो आले. आपल्या राज्यानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आखले. विचार चांगला आहे. शहरांवरचा भार कमी व्हावा, खेड्यात दोन पैसे जावेत, याला कोण नाही म्हणेल?

पण व्यवहारात काय झाले ते पाहा. ऑस्ट्रियातले हालस्टाट हे तळ्याकाठचे गाव. वस्ती आठशेच्या आत. गर्दीच्या दिवसात तिथे दहा-दहा हजार माणसे येतात. चीनमध्ये या गावाची हुबेहूब प्रतिकृती २०१२ मध्ये उभी राहिली, तरी मूळ गावाची गर्दी हटली नाही. २०२३ मध्ये तिथल्या लोकांनी छायाचित्रे काढण्याच्या जागेवर लाकडी कुंपण घातले. टीका झाल्यावर ते काढले, पण त्याच उन्हाळ्यात गावकरी निषेधाचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड या चारएकशे वस्तीच्या गावातला लाकडी धक्का एका कोरियन मालिकेत दिसला आणि प्रसिद्ध झाला. गर्दी इतकी झाली की, २०२३ मध्ये धक्क्यावर जायला पाच फ्रँकचे फिरते फाटक बसवावे लागले. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको या गावी तर मे २०२४ मध्ये एका दुकानासमोर काळ्या जाळीचा पडदा उभारला गेला. कारण काय? दुकानामागे दिसणारा पर्वत टिपण्यासाठी लोक रस्त्यात उभे राहात, कचरा टाकीत, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरत!

या तिन्ही गावांचे दुखणे एकच आहे. सकाळी बस येते, माणसे उतरतात, छायाचित्रे काढतात, एखादे आईस्क्रीम घेतात आणि दुपारी निघून जातात. त्यांचा मुक्काम शहरात, जेवण शहरात, पैसा शहरात. गावाच्या वाट्याला येतात ती वाहने, कचरा आणि स्वच्छतागृहांपुढच्या रांगा. शहरात ही माणसे विरून जातात. सातशे-आठशे वस्तीच्या गावात ती पूर येतो तशी येतात.

आमच्या गावची मोजपट्टी

हे वाचताना मला मुलाची थट्टा आठवली. आमचे मूळ गाव खरोखरच दापोली तालुक्यातले. समुद्रापासून दोन मैल. लहानपणी मे महिन्यात आम्ही जात असू तेव्हा घरोघर माणसे असत. कमावते पुरुष मुंबईला आणि गाव त्यांच्या मनीऑर्डरीवर, अशी ती कोकणची जुनी रीत होती. आता मनीऑर्डरही नाही आणि घरातली माणसेही नाहीत. आमच्या वाडीत निम्म्याहून अधिक घरांना कुलूप आहे.

आणि तरी शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. माणसे समुद्रावर जातात, सोबत आणलेले खातात, बाटल्या वाळूत टाकतात, रात्री परत फिरतात. उन्हाळ्यात आमच्या वाडीला पाण्याचा टँकर लागतो. त्याच्या शेजारून या गाड्या जातात. गावाला त्यातून मिळते काय? मागच्या वर्षी तर कुणीतरी आमच्या अंगणात गाडी लावून फणसाखाली पत्रावळी मांडल्या होत्या. घरात काकू होत्या. त्यांनी विचारले तेव्हा उत्तर आले, "अहो, आम्हाला वाटले रिकामे घर आहे."

याउलट माझ्या चुलतभावाने, भाऊने, घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. गेल्या डिसेंबरात पुण्याचे एक कुटुंब पाच रात्री राहिले. वहिनीच्या हातचे जेवले, बाजारातली मासळी आणली, जाताना आमसुले, कुळथाचे पीठ आणि पोह्याचे पापड घेऊन गेले. भाऊ म्हणाला, "त्या पाच दिवसांत जे मिळाले, ते रस्त्यावरून गेलेल्या पाचशे गाड्यांनी दिले नाही." त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण हिशेब खरा आहे.

मग मी ठरवले की, जी मोजपट्टी माझ्या गावाला लावते तीच परक्या गावाला लावायची. त्यातून तीन प्रश्न तयार झाले. त्या गावात रात्री राहायला जागा आहे का आणि ती कोणाच्या मालकीची? किती पाहुणे घ्यायचे, कसे घ्यायचे, हे गावाने स्वतः ठरवले आहे का? आणि मी तिथे एकटी गेले तर गावाला माझा भार होईल की हातभार?

तीन गावे

पहिले नाव अर्थातच स्वित्झर्लंडचे आले. हिंदी चित्रपटांनी आपल्या पिढीला त्या डोंगरांचे वेड लावले आहे. इंटरलाकेनने यश चोप्रांचा पुतळाही उभारला आहे. तिथून जवळच लाउटरब्रुनेनची दरी, कड्यांवरून कोसळणारे बहात्तर धबधबे. रेल्वे वेळेवर, रस्ते सुरक्षित, एकट्या बाईला फिरायला उत्तम. पण याच गावात २०२४ मध्ये दिवसाच्या पाहुण्यांवर कर बसवण्याचा विचार सुरू झाला, कारण गर्दीने लोक हैराण झाले होते. शिवाय शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो, बोटांचे ठसे द्यायला जायचे, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. पाच रात्रींसाठी हा सगळा खटाटोप, आणि जिथे आधीच पाय ठेवायला जागा नाही तिथे आणखी एक पाय. मी ते नाव खोडले.

दुसरे गाव जपानमधले त्सुमागो. याने मला खरोखर मोह घातला. तोक्यो, म्हणजे तेव्हाचे एदो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या डोंगरी मार्गावर ६९ मुक्कामाची गावे होती. त्सुमागो त्यांतले बेचाळिसावे. पुढे रेल्वे दुसऱ्या बाजूने गेली आणि गाव ओस पडू लागले. १९६० च्या दशकात गावकऱ्यांनी जुनी लाकडी घरे दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये एक सनद केली. घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. तीन वाक्यांत सगळे आले! मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी, विजेच्या तारा नजरेआड. शेजारच्या मागोमेपर्यंतची आठ किलोमीटरची पायवाट एकट्याने चालण्याजोगी. वाटेत अस्वलांना दूर ठेवण्यासाठी वाजवायच्या घंटा टांगलेल्या आहेत आणि एका जुन्या चहाघरात वाटसरूंना चहा मिळतो. दिवसाचे पर्यटक निघून गेले की गाव पुन्हा गावाचे होते. तिथल्या घरगुती खाणावळवजा मुक्कामांत दर माणशी दर असतो, त्यामुळे एकट्या माणसाला दुप्पट भुर्दंड बसत नाही.

अडचण दोन गोष्टींची. मुंबईहून नागोयाला पोचायला विमान बदलावे लागते, तिथून रेल्वे, मग बस. पाच रात्रींच्या सहलीत येण्याजाण्यात दोन दिवस मोडणार. दुसरे म्हणजे मी शाकाहारी. तिथल्या बहुतेक रश्शांच्या मुळाशी वाळवलेल्या माशांचे पाणी असते, आणि घरची बाई प्रेमाने वाढत असताना रोज नकार देणे मला जमणार नाही. त्सुमागो मी सोडले नाही, पुढे ढकलले. दहा दिवस आणि एखादी सोबत मिळाली की तिथे जायचे.

मधे भूतानचाही विचार झाला. तिथे सरकारच पाहुण्यांची संख्या आवरते. भारतीयांकडून दर रात्रीला १२०० रुपये शुल्क घेते, इतर परदेशीयांकडून शंभर डॉलर. धोरण स्वच्छ आहे. पण ते देशाचे आहे, आणि मला गावाचे धोरण पाहायचे होते.

तसे ते तिसऱ्या गावात सापडले. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या नैर्ऋत्येला, स्याङ्जा जिल्ह्यात सिरुबारी नावाचे गुरुङ लोकांचे गाव आहे. उंची सुमारे १७०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून थोडी अधिक. १९९७ मध्ये या गावाने घरोघरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. नेपाळमधल्या गावकी पद्धतीच्या घरमुक्कामाची ही सुरुवात समजली जाते. इथे पाहुणा घर निवडत नाही. पाहुणे कोणाकडे जायचे हे गावाची समिती पाळीने ठरवते, म्हणजे रस्त्यालगतच्या घराला सगळे आणि वरच्या आळीला काहीच नाही, असे होत नाही. पैशांतला काही भाग गावाच्या कामांसाठी राहतो. जेवण घरच्यांबरोबर, चुलीपाशी. डाळ-भात-भाजीचे नाव घेतले तर तिथे कोणी चकित होत नाही! पुढे २०१० मध्ये नेपाळ सरकारने घरमुक्कामाचे नियम केले, त्यात खासगी आणि सामुदायिक असे दोन प्रकार मानले. गाव आधी चालले आणि सरकार मागून आले, हे मला विशेष वाटले.

एकटीचा प्रश्न

नेपाळचे नाव काढताच घरात दुसरे वादळ उठले, आणि या वेळी ते थट्टेचे नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांचे आंदोलन पेटले, सत्तरहून अधिक माणसे गेली, पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले, हॉटेलांनाही आगी लागल्या, विमानतळ बंद झाला. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्यात विमान कोसळून ७२ जण दगावले. जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. मुलाने हे सारे एकामागून एक माझ्यासमोर मांडले. तो चुकीचे बोलत नव्हता.

एकट्याने प्रवास करणाऱ्याला धोका नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. धोका कोणता आणि तो कुठे आहे, हे पाहायला हवे. दरडी पावसाळ्यात कोसळतात, म्हणून जायचे ते नोव्हेंबरात. डोंगरी रस्ता रात्री वाईट, म्हणून काठमांडूहून पोखऱ्याला सकाळच्या बसने, मग वेळ आठ तास लागो की नऊ. राजकीय गडबड सांगून येत नाही, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे आणि थोडी रोख रक्कम जवळ. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांना वाटाड्याशिवाय डोंगरवाटांवर एकटे जायला मनाई केली आहे. मला पदभ्रमण करायचे नाही, गावात राहायचे आहे. पण नियमामागचे कारण खरे आहे. एकटा माणूस वाटेत पडला तर सांगणारे कोणी नसते.

शहरात एकटीला हॉटेलात कोणी ओळखत नाही. ती हवीहवीशी मोकळीक असेल, पण आजारी पडल्यावर तीच भीती होते. गावात ज्या घरी मी उतरेन तिथल्या बाईला मी सकाळी उठले नाही हे लगेच कळेल. समितीच्या वहीत माझे नाव असेल. आमच्या गावी भाऊकडे आलेला पाहुणा रात्री आठपर्यंत परतला नाही तर भाऊ विजेरी घेऊन निघतो. माझ्या वयाच्या बाईला याहून मोठी सुरक्षितता कुठली? म्हणून एकट्याने खेड्यात जाणाऱ्याने धबधबा किती उंच हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटची बस किती वाजता सुटते, जवळचा दवाखाना किती दूर आहे आणि आपण पोचलो की नाही याची वाट कोण पाहणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते गाव कितीही सुंदर असो, एकट्यासाठी नाही.

शांतता कुठून येते?

हे सगळे ठरले, तरी एक गोष्ट मनात सलत राहिली. मला शांत गाव हवे आहे, असे मी सगळ्यांना सांगत होते. पण गाव शांत का असते?

गुरुङांची गावे पिढ्यान् पिढ्या गोरखा पलटणींना माणसे देत आली. लष्करात गेलेल्या माणसाला नेपाळीत 'लाहुरे' म्हणतात. हा शब्द लाहोरवरून आला, कारण एकेकाळी भरतीसाठी तिथे जावे लागे. भारतीय लष्कराचे निवृत्तिवेतन आजही नेपाळच्या डोंगरांत जाते. त्यासाठी पोखऱ्यात आपले कार्यालय आहे. सिरुबारीतही पाहुण्यांची ही पद्धत सुरू करण्यात निवृत्त लष्करी माणसांचाच पुढाकार होता. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांच्या नोकरीच्या अटीवर नेपाळने भरती रोखून धरली आणि त्या वर्षी उमेदवार असलेल्या पोरांचा तो रस्ता बंद झाला. तरुण आखातात, मलेशियात, कोरियात, जपानात जातात. बाहेर गेलेल्यांनी पाठवलेला पैसा हा देशाच्या एकूण उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा आहे. आपल्या कोकणची मनीऑर्डर तिथे अजून चालू आहे, एवढाच फरक.

जपानची कहाणीही निराळी नाही. २०२३ च्या पाहणीत त्या देशात सुमारे नव्वद लाख घरे रिकामी आढळली. शिकोकू बेटावरच्या नागोरो गावात तर निघून गेलेल्या आणि निवर्तलेल्या माणसांच्या जागी कापडी बाहुल्या बसवलेल्या आहेत, आणि पर्यटक त्या बाहुल्या पाहायला जातात.

म्हणजे मी पैसे खर्चून जी शांतता घ्यायला निघाले, ती बऱ्याचदा कुणाच्या तरी जाण्याने झालेली असते. हे कळल्यावर जाऊ नये का? मला तसे वाटत नाही. उलट, अशा गावात रीतसर पाहुणा म्हणून जाणे, तिथे रात्री राहणे, तिथलेच खाणे, तिथलेच विकत घेणे, हे त्या गावाच्या बाजूने उभे राहण्यासारखे आहे. मात्र पाहुण्याने आपली पायरी ओळखावी. गळ्यात हार घालून स्वागत करण्याची तिथली पद्धत आहे, ती नम्रपणे घ्यावी. विचारल्याशिवाय कुणाच्या म्हाताऱ्या आजीचे छायाचित्र काढू नये. आणि पाहुण्यांच्या येण्याने एखाद्या गावाचे सगळे प्रश्न सुटतात, या भ्रमात तर मुळीच राहू नये. पाच रात्रींचे पैसे एखाद्या घरच्या मुलाला आखातातून परत आणणार नाहीत. घरच्या बाईच्या हातात मात्र ते तिचे म्हणून पडतील.

गेल्या रविवारी मी निर्णय सांगितला. नोव्हेंबर, पाच रात्री, त्यांतल्या तीन सिरुबारीत. व्हिसा नको, पासपोर्ट जवळ आहेच, रुपयाचा दर १.६० ला बांधलेला, तेव्हा हिशेबही सोपा. मुलगा काही वेळ गप्प बसला, मग त्याने काठमांडूहून सुटणाऱ्या सकाळच्या बसच्या वेळा शोधायला घेतल्या. सुनेने औषधांची यादी केली. नणंदेचे मत बदललेले नाही.

भाऊला फोन करून सांगितले तेव्हा त्याने फक्त एक विचारले, "त्यांच्याकडे पाण्याचे कसे आहे गं, ताई?"

इतक्या दिवसांत मी बसच्या वेळा, दर, नियम, उंची सगळे विचारले होते. हे विचारायचे मात्र राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम मी तेच केले. तीन दिवसांत समितीकडून निरोप आला. नोव्हेंबरात पाण्याची अडचण नसते, चैत्र-वैशाखात मात्र जपून वापरावे लागते. भाऊला कळवले तर म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखेच. जा मग."